बर्फाची बारावी

ओरेस्ट पावलुकला या प्रकरणातून तीन गोष्टी मिळायच्या होत्या: बाराही महिने पगार, निवृत्तीनंतर थोडीफार पेन्शन आणि डोरीनचे दोन दात. पहिल्या दोन गोष्टींवाचून त्याचं आजवर फारसं अडलं नव्हतं. दातांचं मात्र अडलं होतं. त्याची बायको डोरीन वर्षभर एकाच बाजूने चावत होती आणि दंतवैद्याने सांगितलेला आकडा ऐकल्यापासून तिने त्या बाजूचीही सवय कमी करत आणली होती. हंगामी कामगाराच्या बायकोच्या तोंडात काय चाललंय याच्याशी हार्टनेलच्या नगरपालिकेला काही कर्तव्य नव्हतं. कामगार कायम झाला की मात्र त्याच्या बायकोचे दात अक्कलदाढांसकट नगरपालिकेचे.

ओरेस्ट गेले तेहतीस हिवाळे गावातल्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरून दगड सरकवत वर्तुळात नेण्याच्या खेळाच्या, हॉलचा बर्फ करत होता. नुसतं पाणी गोठवणं हे काम थंडी फुकटात करते. खरं काम त्यापुढचं. कर्लिंगचा बर्फ गुळगुळीत असून चालत नाही. त्यावर वीस किलोचा दगड निम्म्या वाटेत बसकण मारतो. म्हणून पाठीवर कोमट पाण्याची टाकी घ्यायची, हातातली झारी झुलवत उलटं चालायचं आणि बर्फभर पाण्याचे थेंब शिंपडायचे. थेंब गोठून दाणे होतात आणि दगड त्या दाण्यांवरून तरंगल्यासारखा जातो. शंभर मैलांच्या परिघातले लोक म्हणायचे, दगड टाकावा तर ओरेस्टच्या बर्फावर.

त्या वर्षी प्रांत सरकारला शिक्षणाचा साक्षात्कार झाला. ‘कौशल्य सर्वत्र’ असं धोरण निघालं. यापुढे कुठल्याही खात्याचा कुठलाही पैसा कौशल्यावाचून सुटणार नव्हता. रस्तेखात्याने खड्डे बुजवण्याआधी खड्ड्यांविषयीचं शिबिर घेतलं. मत्स्यखात्याने तळ्यात मासे सोडण्यासाठी सहा जणांना प्रमाणपत्रं दिली. मासे पुढच्या वर्षी सोडायचे ठरले. क्रीडाखात्याने हार्टनेलच्या हॉलच्या गळक्या छपरासाठी अनुदान दिलं, तेव्हा त्याच्या शेपटीला एक कायम जागा आणि एक अट बांधून दिली. जागेवर ‘बर्फपृष्ठ व्यवस्थापन, पातळी एक’ हे प्रमाणपत्र असलेला माणूस हवा. तीस जानेवारी, शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत त्याचं नाव गेलं नाही, तर जागा परत. आणि पाचनंतर प्रमाणपत्र नसलेल्या हाताने बर्फाला स्पर्श केला, तर हॉलचा विमा रद्द.

लॉर्ना फ्रीसेन ही नगरपालिकेची कारकून, खजिनदार आणि पाण्याची बिलं फाडणारी बाई, तिन्ही एकाच पगारात. तिने ओरेस्टचा अर्ज स्वतः भरला आणि त्याच्यापुढे ठेवला.

“इथे सही कर आणि घरी जा. कोर्स नको, काही नको. बारावी पास आणि तेहतीस वर्षं अनुभव, एवढ्यावर सरळ प्रमाणपत्र मिळतं. मी फोन करून विचारलंय.”

ओरेस्टने चष्मा लावून अर्ज वाचला. ‘बारावी’ या शब्दावर त्याचं बोट थांबलं.

“लॉर्ना, मी अकरावीत शाळा सोडली.”

“माहितीये मला. मी तुझ्या मागच्या बाकावर बसत होते.”

“मग?”

“मग काय? पंचेचाळीस वर्षांनी कोण तपासतंय? सही कर.”

आता इथे दुसऱ्या कुठल्याही गावचा, दुसरा कुठलाही खेळ खेळणारा माणूस असता, तर त्याने सही केली असती. पण कर्लिंगमध्ये पंच नसतो. दगड लांब जावा म्हणून पुढचा बर्फ झाडूने घासताना त्या दगडालाच झाडू लागला, तर ज्याचा झाडू त्यानेच ओरडून सांगायचं आणि दगड बाजूला काढायचा. समोरच्याने पाहिलेलं नसलं तरी. ओरेस्टने सहाव्या वर्षापासून हेच केलं होतं. त्याने पेन घेतलं, ‘बारावी’ खोडलं, वर ‘अकरावी’ लिहिलं, बाजूला आद्याक्षरं टाकली आणि मग सही केली.

लॉर्नाने कागद ओढून घेतला. “वाटोळं केलंस बघ,” ती म्हणाली. “तुझं नाही. माझं. आता मला राजधानीत फोन करावा लागणार.”

फोनचं उत्तर माणसाच्या रूपात आलं. ट्रेव्हिस ऑग्डन हा कौशल्य समन्वयक, वय एकोणतीस, दोन पदव्युत्तर पदव्या, पायात शहरी बूट. बाहेर उणे एकतीस होतं. तो लॉर्नाच्या टेबलासमोर बसला तेव्हा त्याला बोटं दुमडता येत नव्हती, पण नियम पाठ येत होते.

“पावलुकसाहेब, तुमच्याकडे दोन मार्ग आहेत,” तो म्हणाला. “पहिला, बारावी करा आणि मग हाच अर्ज पुन्हा भरा.”

“त्याला किती दिवस?”

“चौदा महिने.”

“आणि दुसरा?”

“अनुभव-मान्यता. त्याला शिक्षणाची अट नाही. या क्षेत्रातल्या प्रमाणित व्यक्तीने तुमचा अनुभव खरा असल्याची सही द्यायची. की झालं.”

“मग द्या ना. आहे कोण असा?”

ऑग्डनने मांडीवरचा लॅपटॉप उघडला, खाली गेला, वर आला. “हॉकीच्या बर्फाचे आहेत, एकशेबारा. कर्लिंगच्या बर्फाचा...” तो थांबला. “एक होते. वारले गेल्या वर्षी.”

“रॉय होता तो,” ओरेस्ट म्हणाला. “मीच शिकवलं त्याला.”

हे वाक्य ऑग्डनने टिपून घेतलं आणि तिथून सगळं वेगाने बिघडत गेलं. दोन दिवसांनी त्याचा आनंदी फोन आला. त्याला वाट सापडली होती. प्रमाणपत्राचे नियम रोजगारखात्याचे. त्यांना बारावी लागते. शिक्षक नेमण्याचे नियम मात्र उच्चशिक्षणखात्याचे. त्यांना नुसता पंचवीस वर्षांचा अनुभव पुरतो, तोही शिक्षकाच्या स्वतःच्या शब्दावर. तेव्हा ओरेस्टला कोर्सला बसता येणार नव्हतं, पण कोर्स शिकवता येणार होता. बसला असता तर फी भरावी लागली असती. शिकवणार म्हणून पाच दिवसांचं मानधन मिळणार होतं, हंगामी महिन्याच्या पगाराहून थोडं जास्तच.

“कोर्समध्ये कोणीतरी एक जण पास झाला,” ऑग्डन फोनवर सांगत होता, “की तो प्रमाणित व्यक्ती होतो. मग तो तुमच्या अनुभवाच्या अर्जावर सही देतो. मग तुम्ही प्रमाणित. मग जागा तुमची.”

ओरेस्टने फोन कानापासून थोडा लांब धरला. “म्हणजे मी त्याला पास करायचं आणि त्याने मला?”

“बरोब्बर.”

“साहेब, याला आमच्याकडे दुसरं नाव आहे.”

“धोरणात याला ‘परस्पर क्षमता-वर्धन’ म्हणतात.”

कोर्सला किमान सहा विद्यार्थी लागत. हार्टनेलमध्ये जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात रिकामे सहा जण मिळणं कठीण, कारण तीस तारखेच्या शुक्रवारनंतरचा शनिवार हा बॉन्स्पीलचा. वर्षातली सगळ्यात मोठी कर्लिंगची जत्रा ती. चोवीस संघ येणार, पहिलं बक्षीस अर्धं डुक्कर. तरी लॉर्नाने जमवाजमव केली. ती स्वतः, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक ॲबरनॅथी, गॅरेजवाला डग, पोस्टातली बाई आणि संख्या भरावी म्हणून खुद्द ऑग्डन. पाच झाले.

“सहावं कोण?” संध्याकाळी कोबीचे रोल वाढताना डोरीनने विचारलं.

“कोणी नाही. कोर्स रद्द होणार बहुतेक.”

“मी येते.”

ओरेस्टने काटा खाली ठेवला. “तू? तू काय शिकणार तिथे?”

“तू शिकवशील ते,” डोरीन म्हणाली आणि डाव्या बाजूने सावकाश चावू लागली. “बारावी झालीये माझी. शिवणकामात पहिली आले होते.”

पहिले चार दिवस पुस्तकाचे होते. राजधानीहून आलेल्या पुस्तिकेचं पहिलं प्रकरण ‘बर्फ आणि मी’ असं होतं. दुसऱ्यात बर्फ म्हणजे गोठलेलं पाणी हे सचित्र समजावलं होतं. तिसरं प्रकरण पूर्णपणे ‘करिअरच्या वाटा’ यांना दिलेलं होतं. हार्टनेलमध्ये अशी वाट एकच होती आणि ती फळ्यापाशी उभी राहून पुस्तिका उलटी धरत होती. ओरेस्टला वाचून दाखवणं जमेना. तो दोन ओळी वाचायचा आणि म्हणायचा, “हे चूक आहे.” ऑग्डन ती चूक वहीत लिहून घ्यायचा, कारण परीक्षेत तेच येणार होतं.

“मग बरोबर काय, ओरेस्ट?” पोस्टातली बाई विचारायची.

“बरोबर सांगून उपयोग नाही. तुम्हाला नापास करतील.”

शुक्रवार प्रात्यक्षिकाचा. हॉलमध्ये बर्फाच्या चार पट्ट्या, विद्यार्थी सहा, आणि पुस्तिकेत लाल अक्षरांत लिहिलेलं: शिक्षकाने कोणत्याही परिस्थितीत बर्फाला, साधनांना किंवा विद्यार्थ्याला हात लावू नये. ओरेस्टसाठी काचेमागे खुर्ची ठेवली होती. हात खिशात ठेवून तो बसला.

लॉर्नाने पाठीवर टाकी घेतली आणि ती सरळ चालत गेली, पुढे. आपणच पाडलेले दाणे आपल्याच बुटांनी मोडत ती दुसऱ्या टोकाला पोहोचली आणि तिने हात हलवला. ॲबरनॅथी मास्तरांनी पाण्याच्या रेणूवर चाळीस मिनिटं व्याख्यान दिलं. तोवर टाकीतलं पाणी गार झालं आणि थेंबांऐवजी बर्फावर चिखलासारखी साय पडली. डगने खरवडण्याचं यंत्र असं काही आवडीने चालवलं, की खालचं रंगवलेलं वर्तुळ वर आलं. “जरा धार होती पात्याला,” तो म्हणाला. पोस्टातल्या बाईने काही बिघडवलं नाही. ती टाकी उचलूच शकली नाही.

राहिली चौथी पट्टी. ती ऑग्डनने घेतली. बर्फासाठीचं शुद्ध केलेलं पाणी निळ्या पिंपात असतं हे ओरेस्टने मंगळवारी सांगितलं होतं, पण पुस्तिकेत फक्त ‘पाणी’ असं होतं. ऑग्डनने टाकी नळाखाली भरली. हार्टनेलच्या नळाच्या पाण्याने किटल्या दोन महिन्यांत पांढऱ्या होतात. काचेमागे ओरेस्ट खुर्चीतून अर्धा उठला, त्याला लाल अक्षरं आठवली, तो खाली बसला. आठ मिनिटांत पट्टीवर खडबडीत पांढरी पापुद्र्याची शेतं उगवली. उलटं चालण्यात पारंगत झाल्याच्या आनंदात ऑग्डन मागच्या कडेला अडखळला आणि थेट माकडहाडावर बसला.

“लागलं का हो?” डग ओरडला.

“नाही,” ऑग्डन पडल्या पडल्या म्हणाला. “पण मला वाटतं मी नापास आहे.”

दुपारचे तीन वाजले होते. चार पट्ट्यांपैकी एकीवरही चहाची बशीसुद्धा सरळ सरकली नसती. सकाळी आठला चोवीस संघ येणार होते. पाचनंतर ओरेस्टच्या हाताला बर्फबंदी आणि पाचच्या आधी शिक्षक म्हणून बंदी. ओरेस्टने सहावं नाव वाचलं, ते त्याला स्वतःलाच ऐकू आलं नाही इतक्या हळू.

डोरीनने कोट काढून बाकावर ठेवला. “चारही पट्ट्या माझ्या परीक्षेत धरल्या तर चालेल का?” तिने ऑग्डनला विचारलं.

ऑग्डन उभा राहून पुस्तिका चाळत होता, कारण बसणं शक्य नव्हतं. “मनाई कुठे लिहिलेली नाही.”

तिने यंत्राचं पातं बदललं. न विचारता, कुठल्या खणात असतं ते न शोधता. चारही पट्ट्या खरवडल्या. डगने उकरलेल्या वर्तुळावर पाण्याचे तीन पातळ थर दिले, मधे थांबून, तळहाताने गारवा बघत. मग निळ्या पिंपातून पाणी घेतलं, कोपर बुडवून पाहिलं, टाकी पाठीवर चढवली आणि उलटी चालू लागली. तिचा हात डावीकडून उजवीकडे असा झुलत होता, की ॲबरनॅथी मास्तर पहिल्यांदाच गप्प बसले. थेंब पडत होते आणि आवाज येत नव्हता.

साडेचारला डगने चौथ्या पट्टीवरून दगड सोडला. तो दोन्ही झाडूवाल्यांची वाट न बघता निघाला, शेवटी नाजूक वळला आणि वर्तुळाच्या मध्यावर जाऊन बसला.

“ओरेस्टचा बर्फ!” लॉर्ना म्हणाली आणि मग तिला कळलं की ओरेस्ट काचेमागे आहे.

डोरीन पास झाली. ऑग्डनने लॅपटॉपवर तिथल्या तिथे प्रमाणपत्र काढलं; वेळ चार चाळीस. मग अनुभव-मान्यतेचा अर्ज तिच्यापुढे ठेवला. “आता तुम्ही प्रमाणित व्यक्ती. पावलुकसाहेबांसाठी एकच प्रश्न आहे. उत्तर लिहा आणि सही करा.”

तिने मोठ्याने वाचलं. “‘अर्जदाराने गेली दहा वर्षं सलग, स्वतःच्या हाताने, पृष्ठावर दाणे पाडले आहेत काय?’” ती पेन टेकवून थांबली. ओरेस्टकडे न बघता म्हणाली, “हो लिहिते.”

“थांब,” ओरेस्ट म्हणाला.

“ओरेस्ट, गप्प बस,” लॉर्ना म्हणाली. या आवाजात ती एकदाच बोलली होती, बारावीच्या अर्जावर सही कर म्हणताना, आणि तेव्हाही उपयोग झाला नव्हता.

“दाणे मी अकरा वर्षांत पाडले नाहीत.” ओरेस्टने उजवा गुडघा थोपटला. “हा गेल्यापासून टाकी घेऊन उलटं चालता येत नाही. यंत्र मी चालवतो, पाणी मी बघतो. दाणे हिचे. पहाटे, कोणी यायच्या आधी.”

डगने हळूच विचारलं, “म्हणजे प्रांताची फायनल झाली होती आपल्याकडे, तो बर्फ?”

“तोही.”

“पण सांगायचं तरी, ओरेस्ट!”

“कोणी विचारलंच नाही,” ओरेस्ट म्हणाला. मग त्याला ते पुरेसं वाटलं नाही. “आणि लोक माझं नाव घेत होते. बरं वाटायचं.”

डोरीनने पेन खाली ठेवलं. “मी हो लिहिणार होते हं.”

“माहितीये. म्हणून तर बोललो.”

ऑग्डनने घड्याळ पाहिलं. पाचला सहा मिनिटं होती. जागेसाठी एक नाव हवं होतं, आणि प्रांतभर कर्लिंगच्या बर्फाचं पातळी-एक प्रमाणपत्र असलेलं, जिवंत नाव एकच होतं. “पावलुकबाई,” तो म्हणाला, “नोकरी करणार का?”

“दात मिळतात ना त्यात?”

“तुमचे आणि नवऱ्याचे.”

“मग द्या इकडे. सही कुठे करू?”

बॉन्स्पील दणक्यात झाली. रविवारी संध्याकाळी हॉलच्या बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ऑग्डन उभ्यानेच अहवाल पूर्ण करत होता. क्रीडाखात्याच्या रकान्यात डोरीन ‘एक कायम नियुक्ती’ होती. रोजगारखात्याच्या रकान्यात ‘एक नवप्रशिक्षित’. महिला विभागात एक, ज्येष्ठ विभागात एक, ग्रामीण विकासात एक. एका डोरीनमुळे प्रांतात पाच बायकांना काम लागलं, आणि प्रत्येक खात्याचं पुढच्या वर्षीचं अनुदान वाढणार होतं. ओरेस्टचं नाव फक्त एका ठिकाणी आलं: ‘कौशल्य-तूट आढळलेले नागरिक: १’.

“हे काढता नाही येणार का?” लॉर्नाने विचारलं.

“राहू द्या,” ओरेस्ट म्हणाला. “खरंय ते.”

आता कोणी काय दिलं ते बघायचं. सरकारने कोर्स, पुस्तिका आणि ऑग्डनचा प्रवासखर्च दिला, म्हणजे तो लोकांनीच दिला. ऑग्डनने माकडहाड दिलं. ओरेस्टने दोनदा तोंड उघडलं. पहिल्या वेळी बारावी गेली, दुसऱ्या वेळी तेहतीस वर्षांच्या नावातली अकरा. सोमवारपासून तो हंगामी मदतनीस होता, डोरीनच्या हाताखाली, आणि तिने त्याला सहाला हजर राहायला सांगितलं होतं.

तेवढ्यात बाहेरगावचा एक म्हातारा खेळाडू गर्दीतून वाट काढत आला आणि त्याने ओरेस्टच्या पाठीवर थाप मारली. “ओरेस्ट, तुझ्या बर्फाला तोड नाही बघ!”

“माझा नाही,” ओरेस्टने हनुवटीने बायकोकडे खूण केली. “हिचा. अकरा वर्षांपासून.”

म्हाताऱ्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग तो डोरीनला म्हणाला, “असं? म्हणजे जिंकलात तर तुम्ही. मग रीत माहितीये ना?”

रीत सगळ्यांना माहीत होती. कर्लिंगमध्ये हरलेल्याला पहिला पेला जिंकणारा पाजतो. डोरीनने पर्स उघडली. ओरेस्टला बिअर, म्हाताऱ्याला बिअर, लॉर्नाला व्हिस्की, ऑग्डनला दुप्पट व्हिस्की, उभ्यानेच.

“आणि तुला?” बारवाल्याने विचारलं.

“मला काही नको, गार झोंबतं,” डोरीन पैसे मोजत म्हणाली. “दातांचा विमा तीन महिन्यांनी सुरू होतो.”